गोष्टीखालचे प्रश्न

४ जानेवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पुडकं पोचलं. एक कोपरा दुमडला होता, बाकी ठीक. पोस्टमन म्हणाला, "रेक्टरबाई, परदेशातून काय आलं?" मी म्हटलं, "गृहपाठ." तो बराच वेळ हसत होता. या वयात गृहपाठ म्हणजे हसण्यासारखंच आहे म्हणा.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू सदा घाईत असतेस. तुझं "हं, हं, बोल ना" ऐकलं की वाटतं, ही एका हाताने भांडी घासतेय. त्यापेक्षा पत्र बरं, मधेच कुणी ठेवत नाही.

छत्रीची गोष्ट वाचली. बाई बसमध्ये छत्री विसरते, एक माणूस ती परत आणून देतो, दोघं कॉफी पितात आणि गोष्ट संपते. मला वाटलं, शेवटचं पान गहाळ झालं. बँकवालीला दाखवलं. ही नऊ नंबरच्या खोलीतली मुलगी, बँकेत आहे, मला इंग्रजी उच्चार शिकवते. बदल्यात ती उशिरा आली तर मी फाटक उघडते. कुणाला बोलू नकोस. ती म्हणाली, "नाही हो, एवढीच आहे." अगं, तुझ्या गोष्टीत कुणी कुणावर चिडत कसं नाही? आमच्या हॉस्टेलात चाळीस मुली आहेत, छत्र्या रोज हरवतात, आजवर एकही परत आलेली नाही. आणि चिडणं तर विचारूच नकोस.

गोष्टीखालच्या पाचही प्रश्नांची उत्तरं सोबत जोडली आहेत, तपासून पाठव. चौथ्यात विचारलंय की त्या माणसाने छत्री परत का दिली. मी लिहिलंय, त्याला त्या बाईशी ओळख काढायची होती. जगाची रीत मला सांगू नकोस.

बाकी इकडे उलटी मोजणी सुरू आहे. मे महिना संपला की मी निवृत्त. खोली नोकरीबरोबरची, तेव्हा नोकरी गेली की खोलीही गेली. त्या दिवशी किल्ल्या नव्या बाईंच्या हाती आणि मी फाटकाबाहेर. तू म्हणालीस, मावशी, आता तू कायमची माझ्याकडेच ये, फक्त व्हिसाची मुलाखत इंग्रजीत होते, तेवढं शीक. तेव्हापासून मी निर्धास्त आहे. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. याच खोलीत, माझ्या खाटेला खाट लावून वाढलीस. आता मी तुझ्या खोलीत राहीन. याला मी फिटंफाट म्हणत नाही, पण देवाघरी काही हिशेब असतो असं मात्र वाटतं.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
मावशी


२० जानेवारी

ती. मावशीस, सा. न.

तुझी उत्तरं वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले. चौथं चूक आहे! उत्तरसूचीत 'तो प्रामाणिक होता म्हणून' असं आहे. पण तुझं मला जास्त आवडलं.

कुणी चिडत का नाही विचारतेस, तर आमच्या प्रकाशनाचे नियमच तसे आहेत. मध्यम पातळीच्या वाचकासाठी ठरावीक शब्दच वापरायचे. वाक्य छोटं हवं. कुणी मरायचं नाही, कुणी दारू प्यायची नाही, भांडण झालंच तर पान उलटायच्या आत मिटलं पाहिजे. शेवटी प्रत्येकाने काहीतरी शिकायचं. लोक भाषा शिकायला घाबरलेले असतात, त्यात गोष्टीनेही घाबरवलं तर पुस्तक मिटतात, असं आमचे संपादक म्हणतात. या पुस्तकातल्या सगळ्या गोष्टी मलाच लिहायच्या आहेत. तू वाचून उत्तरं पाठवतेस याचा मलाही उपयोग होतो. कुठे अडतं ते खऱ्या वाचकाकडूनच कळतं.

आमच्याकडे सगळं ठीक. हे पण म्हणाले, मावशी आल्या की घराला घरपण येईल. मागची छोटी खोली तुझी. तिला खिडकी आहे, बाहेर झाड आहे. फक्त घाई करू नकोस. व्हिसाचं काही सांगता येत नाही, कधीकधी वर्ष जातं. तोवर मामाकडे राहण्याचंही बघून ठेव, म्हणजे तुझी धावपळ होणार नाही.

सोबत दुसरी गोष्ट पाठवतेय, 'किल्ल्या'. आपल्या हॉस्टेलवरूनच सुचली. गंमत म्हणून वाच, रागावू नकोस हं.

तुझी
ठमी


८ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

रागावू कशाला? अगं, माझ्यावर गोष्ट! माझ्या कमरेच्या जुडग्यावर! मी तीन वेळा वाचली. सगळे शब्द कळले असं नाही, मधलं एक पान जरा धुक्यातच गेलं, पण सार कळलं. एक रेक्टर असते. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. ती व्हरांड्यातून आली की जुडगा वाजतो आणि मुली चिडीचूप होतात. एक दिवस जुडगा हरवतो, सगळं हॉस्टेल शोधतं, शेवटी एक मुलगी तो आणून तिच्या हातात ठेवते. बरोबर ना?

आणि ऐक तरी. मला काही राहवेना. रविवारी जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्या मुली होत्या, मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या भाचीने माझ्यावर इंग्रजीत गोष्ट लिहिली आहे, ती मी तुम्हाला वाचून दाखवते." चाळीसच्या चाळीस मुलींनी माना वर केल्या. मी ठसक्यात वाचली. जुडग्याचा उल्लेख येई तिथे कमरेचा जुडगा वाजवून दाखवला. मुली इतक्या हसल्या म्हणून सांगू! काहींच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकीने तर टेबलावर डोकं टेकलं. संपल्यावर टाळ्या. "परत वाचा, परत वाचा," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. मी परत वाचली.

बँकवाली तेवढी हसली नाही. नंतर खोलीत येऊन म्हणाली, "रेक्टरबाई, ही एकदा शांतपणे एकट्याने वाचा. मी बसते हवं तर सोबत." मी म्हटलं, "का, उच्चार चुकले?" ती म्हणाली, "उच्चार छान होते." या मुलीचं काही कळत नाही. जळत असेल. तिच्यावर कोण गोष्ट लिहितंय?

उत्तरं जोडली आहेत. दुसऱ्यात विचारलंय, किल्ल्या वाजल्या की मुली गप्प का व्हायच्या. मी लिहिलंय, आदरामुळे.

मामाकडे राहण्याचं लिहिलंस. माझ्या भावाचं घर मला ठाऊक नाही का? तिथे माणूस दोन दिवस पाहुणा आणि तिसऱ्या दिवशी अडचण. वहिनी गोड बोलेल आणि कपाळावर आठी ठेवील. मी तुझ्याकडेच येणार. वर्ष लागलं तर लागू दे.

तुझी
मावशी


२ मार्च

ती. मावशीस, सा. न.

उत्तर द्यायला उशीर झाला, कामाचा डोंगर आहे.

तू ती गोष्ट सगळ्यांसमोर वाचायला नको होतीस. म्हणजे, काही बिघडलं नाही, पण पुस्तक अजून छापलं गेलेलं नाही, आमच्याकडे या बाबतीत फार कडक असतात. पुढच्या गोष्टी स्वतःपुरत्याच वाच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आदरामुळे'. चालेल. मी बरोबरची खूण केली आहे.

व्हिसाचा अर्ज मी इथून भरते. मुलाखतीत काय काय विचारतात त्याची उत्तरं लिहून पाठवतेय, ती तोंडपाठ कर. विशेषतः 'तुमची भाची तुमची वाट पाहत आहे का' याचं उत्तर अडखळत देता कामा नये. 'हो, ती मला मुलीसारखी आहे आणि ती माझी वाट पाहत आहे.' एवढंच म्हण, फाटे फोडू नकोस.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणशील बोलली नाहीस. इथे दिवसभर घरात कुणी नसतं. शेजारी कोण राहतं ते आम्हालाही माहीत नाही. जिना अवघड आहे. थंडी तर अशी की हाडं दुखतात. तुला चाळीस मुलींची सवय. करमेल का, याचा विचार तूच कर. मी ये म्हणतेच आहे.

सोबत 'पाहुणी'. ही जरा अवघड आहे. सगळी समजली नाही तरी काळजी करू नकोस.

तुझी
ठमी


६ एप्रिल

चि. ठमीस,

'पाहुणी' समजली. सगळी समजली. म्हणूनच महिनाभर लिहिलं नाही.

पहिल्यांदा शब्दकोश घेऊन वाचली. दुसऱ्यांदा बँकवालीला शेजारी बसवून वाचली. तिसऱ्यांदा शब्दकोशही लागला नाही, तीही लागली नाही. तुझ्या या पुस्तकाचे गुण गावे तेवढे थोडेच. माणूस खरंच शिकतो.

एक वयस्क मावशी दोन ट्रंका घेऊन भाचीच्या घरी येते. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे डबे आपल्या मनाप्रमाणे लावते. भाचीच्या नवऱ्याला बूट कुठे काढायचे ते शिकवते. भाची ऑफिसातून उशिरा येऊ लागते. जिन्यात बसून राहते, कारण वर घरात मावशी जागी आहे. हे वाक्य तू फार सोप्या शब्दांत लिहिलं आहेस. एकही शब्द मला अडला नाही. मग एक दिवस मावशीला आपलं आपल्यालाच उमगतं की आपली जागा आपल्या गावी आहे. भाचीला काही बोलावंच लागत नाही. ट्रंका भरल्या जातात, स्टेशनावर दोघी हसतात, गाडी सुटते. झालं, सगळे काहीतरी शिकले.

मग मी 'किल्ल्या' काढली आणि ते धुक्यातलं पान वाचलं. जुडगा हरवत नाही. रेक्टरच्याच खोलीत राहणारी एक लहान मुलगी तो उशीखाली लपवते, कारण तिला एक दिवस तरी तो आवाज नको असतो. त्या दिवशी हॉस्टेलातल्या मुली गातात, जिन्यावरून पळतात, मोठ्याने हसतात. आणि रेक्टर वेड्यासारखी कमर चाचपत व्हरांड्यातून धावत असते. हे मी चाळीस मुलींसमोर उभी राहून वाचलं, ठमे. दोनदा वाचलं. जुडगा वाजवून वाचलं. आता मी हॉलमध्ये शिरले की कुणीतरी चमचा ताटावर वाजवतं आणि सगळ्या माना खाली घालतात. मला आधी वाटायचं, सहज वाजला असेल.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करू? इंग्रजी येत नव्हतं तेव्हा मी सुखी होते.

मी कडक होते. नाही कोण म्हणतं? चाळीस घरांनी आपल्या लेकी माझ्या भरवशावर ठेवल्या होत्या. फाटक सैल सोडलं असतं आणि एखादीचं काही झालं असतं, तर तुझ्या गोष्टीतल्यासारखं पान उलटून मिटलं नसतं ते. आणि तू त्यांच्यात राहत होतीस. तुला सूट दिली असती तर उद्या सगळ्यांनी मागितली असती. मी काही चुकीचं केलं असं मला आजही वाटत नाही.

उत्तरं जोडलेली नाहीत. 'पाहुणी'च्या पाचव्या प्रश्नाचं तेवढं इथेच लिहिते. प्रश्न आहे, भाचीने सुरुवातीलाच काय म्हणायला हवं होतं? तुझ्या उत्तरसूचीत काय आहे ते मला माहीत नाही. मी म्हणते, तिने 'येऊ नकोस' म्हणायला हवं होतं.

आता मला एकच सांग. मराठीत तू लिहितेस ये. इंग्रजीत लिहितेस येऊ नकोस. यातलं खरं कोणतं? साखर पेरू नकोस, एका ओळीत कळव.

मावशी


२५ एप्रिल

ती. मावशीस, सा. न.

गोष्ट ही गोष्ट असते. आमच्या ऑफिसात प्रत्येकजण आपल्या घरातलं थोडं घेतो, थोडं बनवतो. संपादकांच्या आईवर तर मी निम्मं पुस्तक लिहिलंय. ती मावशी म्हणजे तू नाहीस. तुझ्या दोन ट्रंका तरी आहेत का?

हे एवढं लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला. आता पुढचं लिहिते.

मी चौदा वर्षांची होते. सात नंबरच्या खोलीतल्या नर्सने मला ओठांना लावायची लाली दिली होती. मी ती लावून जेवायला आले. तू मला सगळ्यांसमोर स्टुलावर उभं केलंस आणि ओल्या फडक्याने माझे ओठ पुसलेस. पुन्हा पुन्हा पुसलेस. लाली केव्हाच गेली होती, तरी पुसत होतीस. मुली ताटात बघत होत्या. मग तू म्हणालीस, "माझ्या घरच्या मुलीला सूट नाही, मग तुम्हाला कुठली?" आणि वाढायला सुरुवात झाली. मी तोंड भाजल्यासारखी जेवले.

तू मला वाढवलंस, हे मी कधी विसरले नाही. मला विसरूच कुणी दिलं नाही. मामा, मामी, पोस्टमनसुद्धा. पण अजून हे येऊन टेबलावर गाडीच्या किल्ल्या टाकतात ना, तर मी बसल्या जागेवरून उठून उभी राहते. नवऱ्याला वाटतं, मी चहा करायला उठले.

तू तोंडावर विचारलंस म्हणून लिहिलं. फाडून टाकणार होते. आता जे झालं ते झालं. अर्ज गेलेला आहे, मुलाखतीची तारीख आली आहे, सत्तावीस मे. कागद सोबत आहेत. एका ओळीत उत्तर हवं होतं ना? ये. मी बोलावतेय. माझं कर्तव्य मला कळतं.

ठमी


१० मे

ठमे,

ओठ पुसले. हो, पुसले. त्या नर्सचं पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. एवढंच म्हणते.

एका ओळीत उत्तर मागितलं होतं, तू चार ओळी लिहिल्यास. त्यातलं 'ये' तेवढं मी वाचलं. शेवटची ओळ वाचली नाही असं समज. माणसाला जायला दुसरी जागा नसली की तो मानापमान बाजूला ठेवून हवं तेवढंच वाचायला शिकतो.

नव्या बाई येऊन गेल्या. तरुण आहेत. म्हणाल्या, किल्ल्यांचा एवढा जुडगा कशाला, आता सगळीकडे आकड्यांची कुलपं बसवणार आहोत. माझं सामान भावाकडे पाठवलं आहे, तात्पुरतं. सत्तावीस तारखेला मुलाखतीला जाते. तुझी उत्तरं तोंडपाठ आहेत. आंघोळ करतानासुद्धा म्हणते. तुझ्याकडे आले की डब्यांना हात लावणार नाही आणि जावईबापूंना काही शिकवणार नाही. तू ऑफिसातून कधीही ये. मी झोपल्याचं सोंग घेईन, म्हणजे तुला जिन्यात बसायला नको.

मावशी


१२ जून

ती. मावशीस, सा. न.

काल वकिलातीकडून कळलं, अर्ज नामंजूर. मावशी, मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू! मला तर रडूच आलं. हेसुद्धा म्हणाले, असं कसं झालं? आम्ही मागची खोली रिकामी करायला घेतली होती. आता तात्पुरतं त्यांचं कामाचं टेबल तिथे लावलं आहे, पण ते काय, केव्हाही काढता येईल.

मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या वेळेला पुष्कळांचं असंच होतं. मला वाटतं, इंग्रजी थोडं कमी पडलं असेल. वाचणं वेगळं आणि काचेपलीकडच्या माणसाशी बोलणं वेगळं, भल्याभल्यांची बोबडी वळते. तुला प्रश्नच नीट कळला नसेल. वरच्या पातळीच्या गोष्टींचं पुस्तक आमच्याकडे तयार होतंय, ते मी तुला पाठवते. वर्षभर कर, मग पुन्हा अर्ज भरू. तोपर्यंत मामाकडे बरं आहे ना? आपल्या माणसांत आहेस, ते एक बरं.

नक्की काय विचारलं गं त्याने? तू काय म्हणालीस? आठवेल तसं कळव, म्हणजे पुढच्या वेळेची तयारी करता येईल.

मागचं सगळं विसर. आपण दोघीही काहीबाही लिहून गेलो. आता मी शांत झाले आहे.

खूप खूप प्रेमाने,
तुझी
ठमी


३० जून

चि. ठमीस,

तुझी एवढी गोड चिठ्ठी वर्षभरात आली नव्हती. प्रत्येक ओळीतून सुटल्याचा श्वास ऐकू येतो.

मी भावाकडे बाहेरच्या खोलीत असते. पडदा लावून दिला आहे. टीव्ही संपेपर्यंत पडद्याच्या अलीकडे आडवं होता येत नाही. वहिनी म्हणते, "वन्सं, तुमचंच घर आहे," आणि म्हणताना सोफ्याची उशी सरळ करते. ठीक आहे. कळवायचं म्हणून कळवलं.

तू विचारलंस ना, काय विचारलं त्याने. सांगते.

काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता. सर्दी झालेली, नाक पुसून पुसून लाल. नाव, वय, नोकरी, तिथे काय करणार, सगळं विचारलं. मी तुझी उत्तरं धडाधड दिली. कुठे अडले नाही. तो म्हणाला, "तुमचं इंग्रजी छान आहे, कुठे शिकलात?" हा प्रश्न तुझ्या कागदात नव्हता. मी म्हटलं, "माझी भाची शिकणाऱ्यांसाठी छोट्या गोष्टी लिहिते, त्या वाचून." त्याला गंमत वाटली. मागे रांग नव्हती, त्यालाही वेळ होता बहुतेक. म्हणाला, "शेवटची कोणती वाचलीत? सांगा बघू."

मी सांगायला लागले, ठमे. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी इतका वेळ इंग्रजीत बोलले. मावशीच्या ट्रंका, डबे, बूट, भाचीचं जिन्यात बसणं, सगळं सांगितलं. मला थांबताच येईना. आपल्याला इतकं बोलता येतं याचाच आनंद झाला होता, हे आता तुला सांगायला लाज वाटते. स्टेशनावर दोघी हसतात तिथवर आले आणि मला दिसलं, तो आता हसत नव्हता. रुमाल हातात तसाच होता.

त्याने माझे कागद पुन्हा चाळले. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुम्ही यावं असं तुमच्या भाचीला वाटतं का?

उत्तर पाठ होतं. जिभेवर तयार होतं. तो भला माणूस होता, मी ते म्हटलं असतं तर त्याने शिक्का मारला असता, मला खात्री आहे. त्याला ते ऐकायचंच होतं. मी म्हटलं, "नाही."

त्याला वाटलं, मला प्रश्न कळला नाही. त्याने आणखी सोपा करून पुन्हा विचारला. तेव्हा मी पूर्ण वाक्य बोलले. म्हटलं, तिला मी नको आहे, पण ती चांगली मुलगी आहे, म्हणून तसं म्हणत नाही. मग त्याने बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी, मॅडम."

तेव्हा इंग्रजी कमी पडलं असं पुन्हा लिहू नकोस. त्या कचेरीत माझ्याइतकं चोख इंग्रजी त्या दिवशी कुणी बोललं नसेल. वरच्या पातळीच्या गोष्टी पाठवू नकोस. पुन्हा अर्ज भरू नकोस. मागच्या खोलीतलं टेबल काढू नकोस. तू आता कुणालाही सांगू शकतेस की मी बोलावलं होतं, व्हिसा मिळाला नाही. लोक हळहळतील. कुणी तुला नाव ठेवणार नाही.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं असं समजू नकोस. मी एवढी मोठ्या मनाची नाही. तुझ्या घरी रोज झोपल्याचं सोंग घेऊन पडायचं, आणि तू जिन्यातून हळूच येतेस ते ऐकायचं, हे मला जमलं नसतं, एवढंच.

पण मला यायचं होतं गं. मुलाखतीला जाताना मी नवी चप्पल घेतली होती, तुझ्या जिन्यावर घसरू नये म्हणून रबरी तळाची. मला फार यायचं होतं.

मावशी